सौर पॅनेल आणि हायब्रिड इन्व्हर्टर यांची विद्युतदाब-जुळणी

घरगुती हायब्रिड इन्व्हर्टरला जोडलेल्या सौर पॅनेलांचा एकत्रित विद्युतदाब (व्होल्टेज) वर्षातील कोणत्याही दिवशी इन्व्हर्टरच्या मर्यादेबाहेर जाऊ नये, अशा रीतीने पॅनेलांची संख्या व जोडणी ठरविणे म्हणजे विद्युतदाब-जुळणी होय. या जुळणीस दोन टोके असतात. वरची मर्यादा ओलांडली गेल्यास इन्व्हर्टर कायमचा निकामी होऊ शकतो. खालची मर्यादा गाठली न गेल्यास यंत्र बिघडत नाही, परंतु ऐन उन्हात वीजनिर्मिती घटते किंवा थांबते. पॅनेलाचा विद्युतदाब तापमानानुसार बदलत असल्याने हा हिशेब स्थानिक हवामानाशी बांधलेला असतो. थंड प्रदेशात वरच्या मर्यादेची चिंता अधिक असते, तर वऱ्हाडासारख्या प्रदेशात दोन्ही टोके तपासावी लागतात. प्रस्तुत लेखातील उदाहरणे अमरावती जिल्ह्यातील वलगावचे हवामान गृहीत धरून दिली आहेत.

हायब्रिड इन्व्हर्टरचे स्वरूप

सौर पॅनेल, बॅटरी आणि महावितरणची वीज या तिन्ही स्रोतांचा मेळ घालून घराला प्रत्यावर्ती वीज पुरविणाऱ्या यंत्रास हायब्रिड इन्व्हर्टर म्हणतात. केवळ ग्रिडला जोडलेला ऑन-ग्रिड इन्व्हर्टर वीज खंडित होताच सुरक्षिततेसाठी स्वतःही बंद पडतो. त्यामुळे छतावर पॅनेले असूनही भर दुपारी घरात पंखा फिरत नाही. भारनियमनाचा दीर्घ अनुभव असलेल्या विदर्भात हायब्रिड प्रकाराकडे ओढा असण्याचे मुख्य कारण हेच आहे.

पॅनेलांकडून येणाऱ्या दिष्ट विजेच्या दृष्टीने बाजारातील घरगुती यंत्रांचे स्थूलमानाने दोन गट पडतात. पहिल्या गटात पॅनेलांचा विद्युतदाब बॅटरीच्या विद्युतदाबाच्या जवळपास ठेवला जातो. अशा यंत्रांची कमाल मर्यादा बहुधा १०० ते १५० व्होल्टच्या आसपास असते. दुसऱ्या गटातील यंत्रे ४५० ते ६०० व्होल्टपर्यंतची मालिका स्वीकारतात, मात्र त्यांना काम करण्यासाठी किमान १०० ते १५० व्होल्ट लागतात. पहिल्या गटाची वरची मर्यादा व दुसऱ्या गटाची खालची मर्यादा जवळपास एकच असल्यामुळे एका यंत्रासाठी केलेली जोडणी दुसऱ्यास तशीच लावता येत नाही. जुने यंत्र बदलून नवे आणताना छतावरील तारा तशाच ठेवल्या गेल्या तर हा घोटाळा हमखास होतो.

‘४८ व्होल्टचा इन्व्हर्टर’ या प्रचलित शब्दप्रयोगातील आकडा बॅटरीचा असतो, पॅनेलाचा नव्हे. त्याचप्रमाणे दुकानात ‘२४ व्होल्टचे पॅनेल’ म्हणून ओळखले जाणारे ७२ घटांचे (किंवा १४४ अर्धघटांचे) पॅनेल प्रत्यक्षात कोठेही २४ व्होल्ट दाखवीत नाही. पूर्वी ३६ घटांचे पॅनेल १२ व्होल्टच्या बॅटरीस साध्या नियंत्रकाने जोडले जाई. त्याचा कार्यकारी विद्युतदाब सुमारे १८ व्होल्ट असला तरी बॅटरीच्या नावावरून त्यास ‘१२ व्होल्टचे’ म्हटले गेले आणि दुप्पट घटांच्या पॅनेलास ‘२४ व्होल्टचे’. नाव टिकले, तंत्र मात्र बदलले. ‘२४ अधिक २४ म्हणजे ४८’ अशा सरळ बेरजेने केलेली जोडणी आजच्या यंत्रांना लागू पडत नाही.

पॅनेलावरील आकडे

प्रत्येक पॅनेलाच्या मागील बाजूस चिकटविलेल्या पट्टीवर काही मूल्ये छापलेली असतात. जुळणीसाठी त्यांपैकी चार महत्त्वाची आहेत. काहीही जोडलेले नसताना दोन टोकांत मिळणारा विद्युतदाब म्हणजे मुक्त परिपथ विद्युतदाब (व्हीओसी). पॅनेल कमाल शक्ती देत असतानाचा विद्युतदाब (व्हीएमपी) त्याहून सुमारे पाचव्या-सहाव्या हिश्श्याने कमी असतो. लघुपरिपथ विद्युतधारा (आयएससी) आणि कमाल शक्तीच्या वेळची विद्युतधारा (आयएमपी) ही उरलेली दोन मूल्ये होत. व्हीओसीचा उपयोग वरची मर्यादा तपासण्यासाठी व व्हीएमपीचा उपयोग खालची मर्यादा तपासण्यासाठी होतो. ही अदलाबदल झाल्यास पुढचे सारे गणित चुकते.

ही सर्व मूल्ये प्रमाण चाचणी स्थितीतील असतात: प्रति चौरस मीटर १००० वॅट प्रकाश आणि २५ °से. इतके घटाचे तापमान. येथे तापमान हवेचे नसून घटाचे आहे, हे लक्षात घ्यावे लागते. पूर्ण उन्हात घट २५ अंशांवर राहणे वऱ्हाडात जवळजवळ अशक्यच असल्याने पट्टीवरील आकडे हे तुलनेचे माप आहेत, प्रत्यक्ष उत्पादनाचे नव्हेत.

तापमान वाढले की अर्धवाहकातील अंतर्गत गळती-धारा वाढते व घटाचा विद्युतदाब कमी होतो. हा बदल तापमान गुणांकाने दर्शविला जातो. मोनो पर्क प्रकारच्या पॅनेलांत व्हीओसीचा गुणांक साधारणतः प्रति अंश उणे ०.२७ ते ०.३० टक्के असतो. नंतर आलेल्या टॉपकॉन प्रकारात तो उणे ०.२५ टक्क्यांच्या आसपास आहे. विद्युतधारा मात्र तापमानाबरोबर किंचित वाढते. ती वाढ इतकी लहान असते की घरगुती हिशेबात तिचा विचार सहसा केला जात नाही.

पुढील विवेचनासाठी ५४० वॅटचे एक नमुनेदार मोनो पर्क पॅनेल गृहीत धरले आहे: व्हीओसी ४९.५ व्होल्ट, व्हीएमपी ४१.६ व्होल्ट, आयएससी १३.८५ अँपिअर, व्हीओसीचा गुणांक उणे ०.२८ टक्के आणि शक्तीचा गुणांक उणे ०.३५ टक्के. प्रत्यक्ष खरेदीत संबंधित पॅनेलाच्या तांत्रिक पत्रकातील आकडे घ्यावे लागतात.

वलगावचे हवामान

वलगाव हे अमरावती शहराच्या वायव्येस, परतवाड्याकडे जाणाऱ्या मार्गावर, पेढी नदीकाठी वसलेले गाव आहे. गाडगे महाराजांचे २० डिसेंबर १९५६ रोजी ज्या गावाजवळ निधन झाले ते हेच. गाव सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो, आणि नेमका तोच काळ वऱ्हाडातील तीव्र उष्म्याचा असतो. मे महिन्यात ४४-४५ अंश तापमान या भागास अपरिचित नाही. मे २०२४ मध्ये शेजारच्या अकोल्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेल्याने जिल्हा प्रशासनाने महिनाअखेरपर्यंत कलम १४४ लागू केले होते.

दुसऱ्या टोकास डिसेंबर-जानेवारीतील थंडीची लाट असते. त्या काळात पहाटेचे तापमान एक अंकी होते. निरभ्र रात्री पॅनेलाची काच आकाशाकडे उष्णता उत्सर्जित करीत असल्याने पॅनेल सभोवतालच्या हवेपेक्षाही दोन-तीन अंशांनी थंड होऊ शकते. म्हणून येथील हिशेबासाठी घटाचे किमान तापमान ५ °से. धरणे सावधपणाचे ठरते. त्याच जिल्ह्यातील चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे. तेथे शून्य अंश धरणे योग्य.

हिवाळी पहाट व वरची मर्यादा

मुक्त परिपथ विद्युतदाब प्रत्यक्ष प्रकट होतो तो विद्युतधारा वाहत नसताना. सूर्योदयानंतर इन्व्हर्टरने काम सुरू करण्यापूर्वीची काही मिनिटे ही अशी वेळ होय. विद्युतदाब प्रकाशाच्या प्रमाणात घटत-वाढत नाही. कोवळ्या उन्हातही पॅनेल आपल्या व्हीओसीच्या नऊ-दशांशाहून अधिक विद्युतदाब देते. ऊन जसे वाढते तसा उरलेला भाग भरून निघतो, तर पॅनेल अजून थंडच असते. बॅटरी पूर्ण भरलेली असताना वीज गेली, तरीही इन्व्हर्टर पॅनेलांकडून घेणे थांबवितो आणि मालिका मुक्त परिपथाच्या स्थितीकडे सरकते.

५ अंशांवर घट प्रमाण तापमानाहून २० अंशांनी थंड असतो. २० गुणिले ०.२८ म्हणजे ५.६ टक्के वाढ, त्यामुळे ४९.५ व्होल्टचे पॅनेल सुमारे ५२.३ व्होल्ट देते. आता १५० व्होल्ट कमाल मर्यादेच्या यंत्रास अशी तीन पॅनेले एकसर जोडल्याची कल्पना करावी. पट्टीवरील आकड्यांनुसार बेरीज १४८.५ व्होल्ट येते, म्हणजे कागदावर जोडणी मर्यादेत आहे. गारठ्याच्या सकाळी मात्र तीच मालिका जवळजवळ १५७ व्होल्टपर्यंत जाते. मे महिन्यात बसविलेली अशी यंत्रणा सहा-सात महिने सुरळीत चालते आणि पहिल्या कडाक्याच्या थंडीत बंद पडते. दोष यंत्राचा वाटतो, पण तो बसविण्याच्या दिवशीच झालेला असतो. अतिदाबामुळे आतील धारित्रे व स्विचिंग ट्रान्झिस्टर यांची हानी होते. अनेक यंत्रे पॅनेलांकडून आलेल्या कमाल विद्युतदाबाची नोंद ठेवतात आणि मर्यादाभंगामुळे झालेली हानी बहुतेक उत्पादकांच्या हमीत बसत नाही.

या यंत्रासाठी दोन पॅनेलांची मालिका हाच योग्य पर्याय होय. अधिक क्षमता हवी असल्यास दोन-दोनच्या मालिका समांतर जोडाव्या लागतात. ५०० व्होल्ट मर्यादेच्या यंत्रात ५०० भागिले ५२.३ म्हणजे ९.५६, अर्थात नऊ पॅनेले बसतात. अपूर्णांक नेहमी खालीच उतरवायचा असतो. चिखलदऱ्यासाठी शून्य अंश धरल्यास एका पॅनेलाचा विद्युतदाब सुमारे ५३ व्होल्ट होतो व उत्तर तरीही नऊच राहते. म्हणजे किमान तापमानाच्या निवडीतील चार-पाच अंशांचा फरक पुष्कळदा या पूर्णांकीकरणात विरून जातो. तो विरतो की नाही हे मात्र गणित केल्याशिवाय कळत नाही.

वैशाखातील दुपार व खालची मर्यादा

इन्व्हर्टरमधील कमाल शक्तिबिंदू अनुसरण यंत्रणा (एमपीपीटी) पॅनेलांचा विद्युतदाब सतत थोडाथोडा बदलून ज्या ठिकाणी शक्ती सर्वाधिक मिळते तेथे तो स्थिर ठेवते. तिचा पल्ला तांत्रिक पत्रकात ‘१२० ते ४५० व्होल्ट’ अशा रीतीने दिलेला असतो. व्हीएमपी या पल्ल्याखाली गेल्यास यंत्रणा शक्तिबिंदूवर थांबू शकत नाही.

पूर्ण उन्हातील घटाचे तापमान पॅनेलाच्या सामान्य कार्यकारी घट-तापमानावरून (एनओसीटी) काढतात. हे मूल्य ८०० वॅट प्रकाश व २० अंश हवेसाठी दिलेले असून बहुतेक पॅनेलांत ते ४५ अंशांच्या जवळपास असते. म्हणजे ८०० वॅटला हवेपेक्षा २५ अंश अधिक, तर १००० वॅटला सुमारे ३१ अंश अधिक. वलगावात हवा ४५ अंशांवर असताना घट ७६ अंशांवर पोहोचतो. टिनाच्या छताला चिकटवून बसविलेल्या पॅनेलाखाली हवा खेळत नसल्याने तेथे तापमान याहूनही वाढते. स्लॅबवर उंच सांगाड्यावर बसविलेली पॅनेले त्या मानाने थंड राहतात.

७६ अंश म्हणजे प्रमाण तापमानाहून ५१ अंश अधिक. व्हीएमपीचा स्वतंत्र गुणांक पत्रकात बहुधा नसतो. त्याऐवजी शक्तीचा गुणांक वापरण्याचा प्रघात आहे व तो पुरेसा अचूक ठरतो. ५१ गुणिले ०.३५ म्हणजे जवळपास १८ टक्के घट. ४१.६ व्होल्टचे पॅनेल ३४.२ व्होल्टवर येते. तीन पॅनेलांची बेरीज पट्टीनुसार १२४.८ व्होल्ट असून ती १२० व्होल्टच्या पल्ल्यात दिसते. मे महिन्यात ती १०३ व्होल्टपर्यंत उतरते. अशी यंत्रणा सकाळी आठ-नऊपर्यंत उत्तम चालते, ऊन तापू लागताच तिची निर्मिती ढासळते आणि संध्याकाळी पुन्हा सुधारते. या यंत्रास किमान चार पॅनेले हवीत. चारांची बेरीज १३७ व्होल्ट होते, परंतु पाच किंवा सहा ही अधिक निश्चिंत संख्या आहे. ३.२४ किलोवॅटची सहा पॅनेलांची मालिका उन्हाळ्यात सुमारे २०५ व्होल्ट व हिवाळी पहाटे सुमारे ३१४ व्होल्ट देते. ती पल्ल्याच्या मध्यात बसते.

कमी विद्युतदाबाच्या गटात खालची मर्यादा बॅटरीवरून ठरते. ४८ व्होल्टची बॅटरी भरताना ५६ ते ५८ व्होल्ट लागतात आणि नियंत्रकास त्यावर आणखी काही व्होल्टची आघाडी हवी असते. दोन पॅनेलांचे उन्हाळी ६८ व्होल्ट येथे पुरतात. एका पॅनेलाचे ३४ व्होल्ट अर्थातच नाहीत. एमपीपीटीऐवजी साधा पीडब्ल्यूएम नियंत्रक असल्यास पॅनेल बॅटरीच्याच विद्युतदाबावर खेचले जाते. ५४० वॅटचे पॅनेल २४ व्होल्टच्या बॅटरीवर, म्हणजे भरतेवेळी सुमारे २७ व्होल्टवर, चाचणी स्थितीत जेमतेम ३७० वॅट देते. गंमत अशी की, वैशाखात एमपीपीटी असूनही तेच पॅनेल ४४० वॅटच्या आसपासच देत असल्याने दोन्ही नियंत्रकांतील अंतर वऱ्हाडी उन्हाळ्यात बरेच कमी होते व हिवाळ्यात वाढते.

विद्युतधारा, समांतर जोडणी व तारा

एकसर जोडणीत विद्युतदाबांची बेरीज होते व विद्युतधारा तीच राहते. समांतर जोडणीत उलट घडते. इन्व्हर्टरच्या विद्युतधारेस दोन मर्यादा असतात. कार्यकारी मर्यादा ओलांडली गेल्यास यंत्र जादा विद्युतधारा घेत नाही, एवढेच; काही उत्पादन वाया जाते. लघुपरिपथ धारेची मर्यादा मात्र सुरक्षिततेची असून ती पाळावीच लागते. मोठ्या आकाराच्या घटांपासून बनविलेल्या पॅनेलांची धारा १८ अँपिअरपर्यंत जात असल्याने जुन्या इन्व्हर्टरसाठी ही बाब स्वतंत्रपणे तपासावी लागते.

कमी विद्युतदाबाच्या यंत्रणेत तारांतील घटही मोठी असते. छतापासून इन्व्हर्टरपर्यंत २० मीटर अंतर असल्यास जाऊन-येऊन ४० मीटर तार लागते. ४ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध सुमारे ०.२ ओहम भरतो. सहा पॅनेलांच्या एका मालिकेत १३ अँपिअर धारेस २.६ व्होल्टची घट होते, म्हणजे २०५ व्होल्टच्या सव्वा टक्का. दोन-दोनच्या दोन मालिका त्याच तारेवर आणल्यास धारा २६ अँपिअर, घट ५.२ व्होल्ट आणि प्रमाण ६८ व्होल्टच्या साडेसात टक्क्यांहून अधिक होते. अशा वेळी जाड तार घेणे किंवा इन्व्हर्टर जिन्याच्या वरच्या टप्प्यात बसविणे हे दोनच उपाय उरतात. दुसऱ्यात यंत्रास उष्णतेचा त्रास होतो.

दोन मालिका समांतर असताना स्वतंत्र फ्यूज बहुधा लागत नाही, कारण एका मालिकेत दोष आल्यास दुसरीची धारा पॅनेलाच्या सोसण्याच्या मर्यादेतच असते. तीन किंवा अधिक मालिका असल्यास उरलेल्या सर्वांची धारा सदोष मालिकेत शिरते. तेथे प्रत्येक मालिकेस फ्यूज आवश्यक ठरतो.

सावली व धूळ

बहुतेक पॅनेलांत तीन बायपास डायोड असतात. पाण्याची टाकी, कठडा किंवा अंगणातील कडुलिंबाची सावली पॅनेलाच्या एका भागावर पडल्यास त्या भागाचा डायोड तो वगळतो आणि पॅनेलाचा विद्युतदाब एक-तृतीयांशाने कमी होतो. चार पॅनेलांच्या मालिकेचे उन्हाळी १३७ व्होल्ट अशा एका सावलीने १२५ वर आणि दोन भागांवरील सावलीने ११४ वर येतात, म्हणजे १२० च्या खाली. काठावरची मालिका टाळावी ती यासाठी.

धुळीचा परिणाम निराळा असतो. काळ्या मातीच्या शिवारातून उडणारी धूळ सर्व पॅनेलांवर सारखी बसली तर विद्युतधारा घटते, विद्युतदाब फारसा बदलत नाही. त्यामुळे विद्युतदाब नेहमीचा आणि उत्पादन कमी असे दिसल्यास प्रथम काच पुसून पाहणे उचित. भर दुपारी तापलेल्या काचेवर थंड पाणी टाकल्यास ती तडकण्याचा धोका असतो. सकाळची वेळ बरी.

सुरक्षितता

दिष्ट विद्युतधारा शून्यातून जात नसल्यामुळे तिच्यातील ठिणगी आपोआप विझत नाही. घरातील प्रत्यावर्ती विजेसाठीचा एमसीबी पॅनेलांच्या बाजूस वापरल्यास तो उघडताना आतच ज्वाला धरू शकतो. दिष्ट विजेसाठी प्रमाणित, आणि मालिकेच्या हिवाळी व्हीओसीपेक्षा अधिक क्षमतेचा स्विच लागतो. हीच अट विजेच्या लाटेपासून संरक्षण करणाऱ्या एसपीडीस लागू आहे. ऊन असेपर्यंत मालिकेत विद्युतदाब असतोच, त्यामुळे इन्व्हर्टर बंद केला म्हणजे छतावरील तारा निर्धोक झाल्या असे होत नाही. सहा पॅनेलांची मालिका प्राणघातक धक्का देण्यास पुरेशी आहे. वऱ्हाडातील काळी माती उन्हाळ्यात भेगाळून कोरडी पडते व अर्थिंगचा रोध वाढतो. म्हणून अर्थिंगची तपासणी पावसाळ्यात नव्हे, तर पहिल्या वळिवाच्या आधी करणे अर्थपूर्ण ठरते.

जुन्या पॅनेलांत नव्यांची भर

जुन्या ३३५ वॅटच्या पॉली पॅनेलांच्या मालिकेत ५४० वॅटचे पॅनेल घातल्यास सर्व मालिकेची विद्युतधारा लहान पॅनेलाच्या सुमारे ९ अँपिअरवर अडते आणि नव्या पॅनेलाचा तिसरा हिस्सा वाया जातो. दोन वेगळ्या विद्युतदाबांच्या मालिका समांतर जोडणेही तोट्याचे असते. इन्व्हर्टरला दोन स्वतंत्र एमपीपीटी असल्यास जुनी मालिका एकीस व नवी दुसरीस जोडता येते. तेव्हा प्रत्येकीचा हिवाळी व उन्हाळी हिशेब स्वतंत्रपणे करावा लागतो. पूर्वेकडे व पश्चिमेकडे उतार असलेल्या कौलारू किंवा टिनाच्या छतांसाठीही हीच सोय उपयोगी पडते.

शासकीय योजना व कागदपत्रे

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजनेत घरगुती ग्राहकास पहिल्या दोन किलोवॅटसाठी प्रति किलोवॅट ३०,००० रुपये व तिसऱ्यासाठी १८,००० रुपये, असे कमाल ७८,००० रुपये केंद्रीय साहाय्य ठेवण्यात आले. यासाठी देशी घटांपासून बनविलेली पॅनेले वापरण्याची अट आहे. साहाय्याची रक्कम किलोवॅटवर ठरत असल्याने दरपत्रकातही किलोवॅटलाच प्राधान्य मिळते, आणि तीन किलोवॅटची ‘सहा पॅनेले’ एकसर आहेत की तीन-तीनच्या दोन मालिकांत आहेत याचा उल्लेख पुष्कळदा नसतो. वर दिलेल्या उदाहरणात हा भेद मे महिन्यातील उत्पादनाचा आहे: एकसर सहा पॅनेले २०५ व्होल्टवर काम करतात, तर तीन-तीनच्या मालिका १२० व्होल्टच्या यंत्रासाठी अपुऱ्या पडतात. पॅनेलाचे व इन्व्हर्टरचे तांत्रिक पत्रक, मालिकेतील पॅनेलांची संख्या आणि गृहीत धरलेले किमान व कमाल तापमान ही माहिती दरपत्रकासोबत लेखी मागता येते.

बसविल्यानंतरची पडताळणी साध्या डीसी मल्टिमीटरने होते. इन्व्हर्टरचा डीसी स्विच लावण्यापूर्वी मालिकेच्या दोन टोकांतील विद्युतदाब मोजून तो एका पॅनेलाच्या व्हीओसीस पॅनेलांच्या संख्येने गुणून येणाऱ्या आकड्याशी ताडतात. दुपारच्या उन्हात तो आकड्यापेक्षा दहा ते पंधरा टक्के कमी येणे स्वाभाविक आहे. एका संपूर्ण पॅनेलाइतका फरक दिसल्यास एखादी जोडणी सुटलेली असते किंवा पॅनेल वगळले गेलेले असते; दोन पॅनेलांइतका फरक असल्यास एक पॅनेल उलट जोडले गेल्याची शक्यता असते; आणि उणे चिन्ह दिसल्यास टोकांची अदलाबदल झालेली असते. अशा स्थितीत स्विच न लावता प्रथम जोडणी दुरुस्त केली जाते.